तक्रार: 'सर्व क्लासिक गाड्यांसाठी' म्हणून विकलेल्या लाइट किटमुळे जळालेली वायरिंग

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: ड्रायव्हिंग व फॉग लाइटच्या किटमधील सदोष रिले, चुकीच्या लेन्स आणि दिशाभूल करणारे माहितीपत्रक यांबाबत तक्रार व नुकसानभरपाईची मागणी

महोदय,

तुमच्या कंपनीचे चार दिव्यांचे किट मी माझ्या 1965 सालच्या एमजीबी या जुन्या ब्रिटिश गाडीसाठी घेतले. दोन ड्रायव्हिंग लाइट, दोन फॉग लाइट, रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेचा स्विच), स्विच, तयार वायरिंग आणि ब्रॅकेट असे सगळे त्यात होते. इलेक्ट्रिशियनकडून दिवे बसवून घेतल्यावर पहिल्यांदा अप्पर लावला, तेव्हा रिलेमधून धूर निघाला आणि पायाच्या डिपर स्विचपासून हेडलाइटकडे जाणाऱ्या मूळ वायरचे आवरण वितळले. दिव्यांचा मुख्य स्विच लगेच बंद केला म्हणून आग लागली नाही. या गाडीच्या बॅटऱ्या सीटच्या मागे, झाकणाखाली असतात. त्यांचे कनेक्शन काढेपर्यंत थांबावे लागले असते, तर हे पत्र वेगळ्या स्वरूपाचे झाले असते.

मी तक्रार केल्यावर तुमच्या विभागाने 'किट बसवताना चूक झाल्याचे दिसते, त्यामुळे वॉरंटी लागू होत नाही' असे कळवले. रिले परत मागवून तपासला नाही, पाठवलेल्या फोटोंबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. हे उत्तर मला मान्य नाही. बसवण्यात चूक झालेली नाही, हे मी इथे सविस्तर मांडते आहे. तुमच्या तांत्रिक विभागातल्या जाणकार माणसाने हे पत्र शेवटपर्यंत वाचावे, अशी माझी विनंती आहे.

तुमच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापले आहे: '12 व्होल्ट, पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह अर्थ, सर्व क्लासिक गाड्यांसाठी.' माझी गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे, म्हणजे बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले आहे. एमजीबीमध्ये 1967 पर्यंत हीच पद्धत होती. खोक्यावरचे हे वाक्य वाचूनच मी किट घेतले. माहितीपत्रकातल्या आकृतीप्रमाणे रिलेच्या 30 क्रमांकाच्या पिनला बॅटरीचा सप्लाय, 87 ला दिवे, 86 ला हेडलाइटच्या अप्परची निळी-पांढरी वायर आणि 85 ला बॉडीचे अर्थिंग जोडले. आकृतीत पॉझिटिव्ह अर्थसाठी वेगळी जोडणी दाखवलेली नाही. तशी सूचनाही कुठे नाही.

आता त्या रिलेत काय आहे ते पाहा. जळालेला रिले आम्ही उघडला. रिले चालवणाऱ्या कॉइलच्या (तारेच्या गुंडाळीच्या) दोन टोकांमध्ये, म्हणजे 85 आणि 86 यांच्यामध्ये, डायोड बसवलेला आहे. रिलेच्या बाहेरच्या बाजूला छापलेल्या आकृतीतही त्याचे चिन्ह आहे. कॉइलचा प्रवाह तुटतो तेव्हा क्षणभर मोठा उलटा व्होल्टेज तयार होतो, तो दाबून टाकायला हा डायोड असतो. इलेक्ट्रॉनिक सुटे भाग असलेल्या आधुनिक गाडीत त्याचा उपयोग आहे. पण डायोड विजेला एकाच दिशेने जाऊ देतो, म्हणून अशा रिलेच्या 86 ला धन आणि 85 ला ऋण असेच द्यावे लागते. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत तुमच्या आकृतीप्रमाणे जोडणी केली की 85 ला धन आणि 86 ला ऋण मिळते. अप्पर लावताच सगळा प्रवाह कॉइलला वगळून डायोडमधून थेट वाहू लागतो. हा सरळसरळ शॉर्ट सर्किट आहे, आणि तो तुमच्या आकृतीनेच घडवलेला आहे.

फिलामेंटच्या बल्बला दिशा नसते. साध्या कॉइललाही नसते. त्यामुळे दोन्ही प्रकारच्या अर्थिंगला चालणारे किट बनवणे अजिबात अवघड नाही. डायोडऐवजी योग्य मूल्याचा रेझिस्टर लावलेले रिले बाजारात सहज मिळतात. तो दोन्ही दिशांनी सारखाच काम करतो आणि उलट्या व्होल्टेजलाही आवर घालतो. माझ्या गाडीत तर जुन्या पद्धतीचे, यांत्रिक पॉइंटचे इग्निशन आहे, डायोडने जपावे असे इलेक्ट्रॉनिक काहीच नाही.

यातला अधिक गंभीर भाग पुढे आहे. या गाडीच्या मूळ फ्यूज बॉक्समध्ये दोनच फ्यूज आहेत आणि हेडलाइटचे सर्किट त्यांतल्या एकावरही नाही. त्या काळच्या कितीतरी गाड्यांत असेच आहे. जुन्या गाड्यांसाठी माल बनवणाऱ्या कंपनीला ही गोष्ट माहीत असायलाच हवी. तुमचे माहितीपत्रक मात्र रिलेचा सिग्नल त्या फ्यूज नसलेल्या वायरवरून थेट घ्यायला सांगते. रिलेच्या कॉइलला पाव ॲम्पियरही लागत नाही. त्या वायरवर तीन ॲम्पियरचा एक छोटा फ्यूज दिला असता तर तो उडाला असता आणि गोष्ट तिथेच संपली असती. तो न दिल्यामुळे साठ वर्षांपूर्वीची मूळ वायरिंग जळाली. ही वायरिंग मी आजवर जिवापाड जपली होती. नवे हार्नेस (वायरिंगचा तयार जुडगा) मिळते, पण कारखान्यातून निघालेले मूळ हार्नेस पुन्हा मिळत नाही.

दुसरी बाब लेन्सची. वायरिंगची तात्पुरती दुरुस्ती करून आणि डायोड नसलेला दुसरा रिले लावून आम्ही दिवे चालू केले, कारण निदान दिवे तरी चांगले असतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांची घडण खरोखर चांगली आहे, क्रोमही उत्तम आहे. पण भिंतीसमोर गाडी उभी करून झोत पाहिला, तेव्हा चारही दिव्यांचा झोत अगदी एकसारखा पडला: रुंद, चपटा आणि वर आडव्या रेषेत कापलेला. हा फॉग लाइटचा झोत आहे. ड्रायव्हिंग लाइटचा झोत अरुंद आणि लांबवर जाणारा असायला हवा, कारण अप्परच्या पलीकडचा रस्ता दाखवणे हेच त्याचे काम. मग काचांवरच्या खुणा तपासल्या. चारही काचांवर 'बी' हे अक्षर आहे. युरोपीय मानकांनुसार ती पुढच्या फॉग लाइटची खूण आहे, हॅलोजन अप्परच्या दिव्यावर 'एचआर' असते. म्हणजे ड्रायव्हिंग लाइट म्हणून दिलेली जोडीही फॉग लाइटचीच आहे. फरक आहे तो वेगळ्या वेष्टनाचा आणि दुसऱ्या जोडीवर लावलेल्या पिवळ्या फिल्मचा.

ही केवळ चुकीचा माल मिळाल्याची तक्रार नाही. ताशी 90 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात 25 मीटर पुढे जाते. आपल्याकडे लांब पल्ल्याचे दिवे आहेत या भरवशावर माणूस अंधारात वेग धरतो. फॉग लाइटच्या झोतात जवळचा रस्ता आणि कडा लखलखीत उजळतात, त्यामुळे डोळे त्या उजेडाला सरावतात आणि लांबचे उलट कमीच दिसते. अशा दिव्यांना ड्रायव्हिंग लाइट म्हणून विकणे धोक्याचे आहे.

पिवळ्या फिल्मबद्दलही लिहायला हवे. 'पिवळा प्रकाश धुके भेदून जातो' असे माहितीपत्रक सांगते. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठे असतात, त्यामुळे त्यांच्यावरून सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. फ्रान्समध्ये 1993 पर्यंत पिवळे हेडलाइट सक्तीचे होते म्हणून अनेकांना हा समज खरा वाटतो, आणि जुन्या गाडीवर पिवळे दिवे शोभून दिसतात हे मलाही मान्य आहे. पण धुक्यात उपयोगी पडते ती दिव्याची जागा आणि झोताचा आकार. दिवा खाली असावा आणि त्याचा उजेड डोळ्यांच्या रेषेतल्या धुक्यावर पडू नये. तुमच्या आकृतीत मात्र चारही दिवे बंपरच्या वर, एकाच पट्टीवर, हेडलाइटच्या जवळजवळ बरोबरीने दाखवले आहेत. तिथून फॉग लाइटचा उजेड धुक्यावर आदळून पांढऱ्या भिंतीसारखा परत येतो. शिवाय फिल्म स्वतः काही उजेड खाते, तो तोटा वेगळाच.

इंजिनवर चालून गाडीला वीज पुरवणाऱ्या डायनॅमोबद्दल माहितीपत्रकात एक अक्षर नाही. माझ्या गाडीला ल्यूकसचा सी40 डायनॅमो आहे, त्याची कमाल क्षमता 22 ॲम्पियर. 55 वॅटचे चार दिवे 12 व्होल्टला 18 ॲम्पियरहून जास्त ओढतात. त्यात अप्परचे हेडलाइट, मागचे दिवे, इग्निशन आणि पावसात वायपर धरले, तर मागणी क्षमतेच्या बरीच वर जाते आणि उरलेला भार बॅटरीवर येतो. गाडी सिग्नलला थांबली की डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही. चारही दिवे एकाच स्विचवर देण्याऐवजी दोन स्वतंत्र स्विच दिले असते आणि 'डायनॅमोच्या गाडीत एका वेळी एकच जोडी लावा' एवढी ओळ छापली असती तरी पुरले असते. ड्रायव्हिंग आणि फॉग लाइट एकत्र लावायचा प्रसंग तसाही कधी येत नाही.

तयार वायरिंगची वायर 0.5 चौरस मिलिमीटरची आहे, तसे तिच्यावरच छापले आहे. एका जोडीचा सव्वानऊ ॲम्पियरच्या आसपासचा प्रवाह चार मीटर लांबीच्या या वायरमधून गेला की सव्वा व्होल्ट वायरमध्येच पडतो. व्होल्टेज दहा टक्के घटले की फिलामेंटच्या बल्बचा उजेड साधारण तीस टक्क्यांनी घटतो. यासाठी दोन चौरस मिलिमीटरची वायर हवी होती. इतक्या बारीक वायरला तुम्ही 30 ॲम्पियरचा फ्यूज दिला आहे. वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर फ्यूज शाबूत राहील आणि वायर जळेल. फ्यूज वायरच्या संरक्षणासाठी असतो, हा अगदी प्राथमिक नियम आहे.

त्याच पानावर 'फ्यूज बदलायचा झाल्यास गाडीच्या मूळ फ्यूजवर असलेल्या आकड्याचा वापरावा' असेही लिहिले आहे. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या काचेच्या फ्यूजवर 35 हा आकडा असतो. तो फ्यूज ज्या प्रवाहाला उडतो, तो हा आकडा. सतत वाहून नेण्याची त्याची क्षमता 17 ॲम्पियर असते. हल्लीच्या पात्याच्या फ्यूजवर सतत चालणाऱ्या प्रवाहाचा आकडा असतो. तुमची सूचना पाळून कोणी 35 चा पात्याचा फ्यूज लावला, तर त्याने नकळत मूळ संरक्षणाच्या दुप्पट मोठा फ्यूज लावलेला असेल. ही ओळ ताबडतोब काढून टाका.

ब्रॅकेटचा पत्रा पातळ आहे आणि इंजिन चालू असताना दिवे थरथरतात. ब्रॅकेट बदलून घेता येईल, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

किट बसवणारे इलेक्ट्रिशियन आयुष्यभर पॉझिटिव्ह अर्थच्या गाड्यांवर काम करत आले आहेत. त्यांनी आकृती पाहून आधी माझ्याकडे शंका काढली होती आणि मी खोक्यावरचे 'पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह' हे शब्द त्यांना दाखवले होते. तुमच्या छापील शब्दावर आम्ही दोघांनी विश्वास ठेवला. त्यामुळे 'बसवताना चूक झाली' हा ठपका त्यांच्या कामावर येतो, याचे मला विशेष वाईट वाटते. तो तुम्ही लेखी मागे घ्यावा.

माझ्या मागण्या अशा आहेत. किटची पूर्ण रक्कम परत करावी. जळालेला वायरिंगचा भाग, डिपर स्विच आणि ते बदलण्याची मजुरी यांचा खर्च कंपनीने द्यावा. त्याचे बिल, उघडलेल्या रिलेचे फोटो, काचांवरच्या खुणांचे फोटो, माहितीपत्रकाची प्रत आणि इलेक्ट्रिशियनचे लेखी निवेदन सोबत जोडले आहे. जळालेला रिले माझ्याकडे जपून ठेवला आहे. तुमचा तंत्रज्ञ आला तर त्याला तो दाखवीन, पण पोच न देता कोणाच्याही हाती देणार नाही.

पैशांपेक्षाही महत्त्वाची मागणी पुढची आहे. हे किट ज्यांनी ज्यांनी घेतले, त्या सगळ्यांना तुम्ही तातडीने कळवावे की पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत हा रिले लावू नये आणि लावला असल्यास गाडी वापरण्याआधी तो काढावा. ग्राहकांचे पत्ते तुमच्याकडे आहेत, वॉरंटी कार्डावर तुम्ही ते भरून घेता. रिले बदलेपर्यंत खोक्यावरचा तो दावाही झाकावा. ज्यांच्या गाडीत हा रिले बसला आहे पण अजून अप्पर लावलेला नाही, अशी माणसे आज कुठेतरी असतील, आणि त्यांच्यापैकी काहींना तो स्विच आज रात्रीच दाबावा लागेल.

या पत्राचे लेखी उत्तर पंधरा दिवसांत, तांत्रिक विभागाच्या जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीने मिळावे. ते न मिळाल्यास मी ग्राहक म्हणून उपलब्ध असलेल्या कायदेशीर मार्गाने जाईन. इतर ग्राहकांना सूचना पाठवण्याचे काम मात्र त्या पंधरा दिवसांसाठी अडवून ठेवू नये.

कळावे,

आपली ग्राहक

सोबत: खरेदीची पावती, दुरुस्तीचे बिल, फोटो, माहितीपत्रकाची प्रत, इलेक्ट्रिशियनचे निवेदन