लाखेची तबकडी फोटोवरून घेऊ नये

महोदय,

जुन्या रेकॉर्ड आता घरबसल्या मागवता येतात, त्यामुळे हौशी संग्राहक वाढले आहेत आणि त्यांच्या तक्रारीही. एलपी, म्हणजे नंतरच्या काळातली व्हायनलची रेकॉर्ड, ऑनलाइन घ्यायला फारशी हरकत नाही. मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी मात्र फोटोवरून घेणे म्हणजे कलिंगड न वाजवता घेण्यासारखे आहे.

ही तबकडी लाखेची म्हणतात, पण तिच्यात लाख कमी आणि दगडाची भुकटी जास्त. ती भुकटी पोलादी सुईचे टोक झिजवते, म्हणून दर बाजूला सुई बदलायची असते. घरोघरी तसे होत नसे. एकच सुई कित्येक गाण्यांना चाले आणि तिच्या बोथट टोकाने रेघांच्या भिंती खरवडल्या जात. झिजलेला भाग करडा दिसतो. गाणाऱ्याचा आवाज वर चढतो तिथे जास्तच. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत हा करडेपणा येत नाही, तबकडी काळीकुळकुळीत दिसते. हातात घेऊन उजेडात तिरकी धरली की लगेच कळते.

दुसरी गोष्ट केसाएवढ्या चिरेची. मधल्या भोकात बोट घालून तबकडी लटकती धरावी आणि कडेला हलकी टिचकी मारावी. सलग असेल तर स्वच्छ नाद येतो, चिरलेली बद्द वाजते. कडेपासून आत गेलेली एक चीर दर फेऱ्याला एकदा ‘टक्’ करते, म्हणजे तीन मिनिटांच्या गाण्यात सव्वादोनशेहून जास्त वेळा! कडेचा कपचा त्या मानाने परवडला. तो रेघांपर्यंत पोचला नसेल तर खुशाल घ्यावी.

ही पारख पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी करता येते, किंवा मुंबईत चोर बाजारात. तिथे मटण स्ट्रीटवरची पक्की दुकाने शुक्रवारी बंद असतात, पण त्याच दिवशी उजाडायच्या आधी पदपथावर माल पसरलेला असतो. गठ्ठ्याचा भाव करावा. एकच तबकडी उचलून तिच्यावरून हात फिरवत बसलात की घासाघीस संपलीच समजा.

तरीही ऑनलाइन खरेदीला जागा आहे. संग्रहासाठी ठरावीक क्रमांकाचीच तबकडी हवी असेल तर बाजारात वर्षानुवर्षे वाट पाहावी लागेल. अशा वेळी विक्रेत्याकडून दोन्ही बाजूंचे तिरक्या उजेडातले फोटो मागवावेत. लेबलाभोवतीच्या मोकळ्या पट्ट्यात ठसवलेला क्रमांकही वाचता येईल असा हवा. लेबलावरचा क्रमांक विक्रीच्या यादीतला असतो, ठसवलेला त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. फोटो द्यायला कुरकुर करणाऱ्याचा नाद सोडावा. पॅकिंगही आपणच सांगावे. १० इंची तबकडी साधारण २५ सेंटिमीटरची. तिच्या दोन्ही अंगांना ३० सेंटिमीटर चौकोनी पन्हळी पुठ्ठे, दोन्हींच्या पन्हळी एकमेकींना आडव्या. ते बांधून खोक्यात ठेवल्यावर सहाही बाजूंना किमान ५ सेंटिमीटर भरण. एका खोक्यात चार-पाचच. नुसत्या बबलच्या पाकिटातून आलेल्या तबकडीचे काय होते हे वेगळे सांगायला नको.

जाहिरातीतल्या ‘रेअर’ला किंमत देऊ नका. ‘१९०२ ची मूळ प्रत’ असे लिहिलेले असते आणि फोटोत दोन्ही बाजूंना रेघा! त्या वर्षी ग्रामोफोन कंपनीच्या गैसबर्गने कोलकात्यात गायिका गौहर जान वगैरेंची मुद्रणे केली, ती जर्मनीत हॅनोव्हरला छापून आली आणि एकाच बाजूला कोरलेली होती. लेबलावर ‘दमदम’ असेल तर ती १९२८ च्या आधीची असूच शकत नाही, कारण कोलकात्याजवळच्या दमदमचा रेकॉर्डचा कारखानाच तेव्हा सुरू झाला.

तबकडी वाजवणाऱ्या ग्रामोफोनच्या बाबतीत मात्र ऑनलाइन आणि बाजार दोन्हीकडे सारखेच जपावे लागते. चकचकीत पितळी कर्णा, खाली अष्टकोनी पेटी आणि पुढे कुत्र्याची पितळी पट्टी असा ‘ॲंटिक एचएमव्ही’ दिसला की तो बहुधा हल्लीच जुळवलेला असतो. आत जुन्या पोर्टेबलचे, म्हणजे उचलून नेण्याजोग्या पेटीतल्या ग्रामोफोनचे यंत्र, बाकी सगळे नवे. पाठीमागचा कर्णा धरणारा हात बघावा: ओबडधोबड ओतकाम आणि चक्राकार वळवलेली नळी असेल तर तो न घेता पुढे जावे. दिवाणखान्यात शोभेला ठेवायचा असेल तर गोष्ट वेगळी, पण भाव शोभेच्या वस्तूचाच द्यावा. ऐकायला जुना पेटीबंद पोर्टेबल बरा. त्याची चावी पूर्ण भरल्यावर एक बाजू शेवटपर्यंत त्याच वेगात वाजते का, हे विक्रेत्यासमोरच पाहून घ्यावे.

घरी आणल्यावर तबकडी स्पिरिटने किंवा सॅनिटायझरने पुसू नये. सुतार पॉलिशसाठी चपडा स्पिरिटमध्येच विरघळवतात. तबकडीतली लाख तीच. कोमट पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून, लेबल कोरडे ठेवून, रेघांच्या दिशेने मऊ कापड फिरवावे आणि लगेच टिपून उभी वाळवावी, उन्हात नव्हे. इलेक्ट्रिक प्लेअरवर ऐकायची असेल तर ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वेगळी सुई लावावी लागते. एलपीची ०.७ मिलची सुई रुंद रेघेच्या तळाशी घासत जाते, आणि ऐकू येते ती नुसती खरखर.

– एक संग्राहक, पुणे