'मार्गे' काढून टाक

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

उइगुर नेते ईसा युसूफ आल्पतेकिन यांच्यावरचा तुझा लेख वाचला. 'भारतमार्गे तुर्कस्तानला गेले' हे वाक्य मात्र बदल. त्या 'मार्गे'त पाच वर्षं गडप झाली आहेत.

सुरुवात उरुम्चीपासून, म्हणजे चीनच्या शिनच्यांग प्रांताच्या राजधानीपासून कर. 1947 च्या प्रांतिक सरकारात मसूद साबरी अध्यक्ष, ईसा सरचिटणीस, आणि मुहम्मद अमीन बुग्राही त्यात होते. लोक या तिघांना 'उच एपेंदी', म्हणजे तीन साहेब, म्हणत. सप्टेंबर 1949 मध्ये तिथलं सैन्य आणि सरकार न लढताच चिनी कम्युनिस्टांकडे गेलं. साबरी मागे राहिले आणि कैदेत वारले. बाकीचे दोघे काराकोरम ओलांडून लडाखला निघाले.

ही वाट नीट समजून घे. खिंड सुमारे 5540 मीटरवर आहे. चढ तसा खडा नाही. जीव घेते ती विरळ हवा आणि चाऱ्याचा दुष्काळ. कित्येक मुक्काम गवताची काडी नाही, सरपण नाही. म्हणून माणसांच्या शिध्याबरोबर घोड्याचा दाणाही त्याच्याच पाठीवर. ओझ्याने घोडा बसला की दाणा गेला, शिधाही गेला. उन्हाळ्यातले कसलेले व्यापारीसुद्धा मेलेल्या जनावरांच्या हाडांवरून वाट ओळखत. ही मंडळी थंडीच्या तोंडावर निघाली होती, बायकापोरांसह.

पुढे श्रीनगर. आणि नेमकं 30 डिसेंबर 1949 ला भारताने पेकिंगच्या (बीजिंगच्या) नव्या कम्युनिस्ट सरकारला मान्यता दिली. आसरा होता, पण त्यांच्या राजकारणाला इथे वाव उरला नाही. मग देश शोधणं आलं. 1952 मध्ये तुर्की सरकारने अशा 1850 निर्वासितांना वसवायला मंजुरी दिली. ईसा स्वतः 1954 मध्ये तिकडे गेले.

कम्युनिस्टांकडून हरलेलं च्यांग कै-शेकचं सरकार तैवानला गेलं होतं; मग ईसांनी तिथे का जाऊ नये, हा तुझा प्रश्न रास्त आहे. पण तेही शिनच्यांग आपलाच प्रांत मानत होतं. तैपेईत त्या प्रांताचं कार्यालयसुद्धा थाटलं होतं, ते 1992 पर्यंत चाललं! शत्रूचा शत्रू इथे मित्र नव्हता, कारण जमिनीवरचा दावा दोघांचाही सारखाच.

शेवटी इस्तंबूलच्या सुलतानअहमदमधली बाग ठेव. 1995 मध्ये तिला ईसांचं नाव दिलं, चीनने निषेध केला, आणि त्याच डिसेंबरात ते गेले. म्हातारपणी त्यांची दृष्टी गेली होती, तेही लिही.

तुझी,
आई