केळकर संग्रहालयातल्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

नाव कुठे लिहू नका म्हणालात, म्हणून नुसतं ‘मामा’. दिवाळीनंतर राजा दिनकर केळकर संग्रहालयात गुडघे धरून जिने चढणाऱ्या एका बाईंना तुम्ही खुर्ची दिलीत, त्यांची मी लेक.

आम्ही खरं तर मस्तानी महाल बघायला आलो होतो. कोथरूडहून आणून तुमच्याकडे पुन्हा उभा केलेला. पण आई रमली ती स्वयंपाकघरातल्या वस्तूंत आणि मग अडकित्त्यांपाशी. सुपारी कातरायची एवढीशी वस्तू, तिला कुणी घोडा केलंय, कुणी पोपट. ते बघताना आई मला म्हणाली, “आपल्या त्या पितळी पक्ष्याला पातं कुठं होतं गं?” हे तुम्ही मागून ऐकलंत.

वाईचं घर आम्ही रिकामं करत होतो. पितळेचं सामान किलोवर मोडीत घालायचं ठरलेलं, आणि त्यात हा पक्षी. देव म्हणावा तर पूजेची खूण नाही, खेळणं म्हणावं तर फार जड. तुम्ही एकच विचारलंत, “खालून खरखरीत आहे का, चौकटी चौकटी पाडल्यासारखा?” आई हो म्हणाली, आणि तुम्ही आम्हाला थेट वज्रींच्या कपाटापुढे नेलंत.

“वरून सगळेच बघतात, जरा वाकून बघा,” म्हणालात. वाकले. वर मोर, हत्ती, पक्षी, म्हणजे हाताची मूठ. आणि तळाला आडव्याउभ्या रेघांची खरबरीत बाजू, टाचा घासायची. काही वज्री आतून पोकळ असतात, त्यात खडे असतात आणि घासताना त्या खुळखुळतात, हेही तुमच्याकडूनच कळलं. ज्यांना पितळ परवडत नसे त्यांच्यासाठी भाजलेल्या मातीच्या. मग आईला एकदम आठवलं: भाताच्या खाचरातून आल्यावर तिच्या सासूबाई न्हाणीत बसून बराच वेळ काहीतरी घासत असायच्या. इतकी वर्षं तिला वाटत होतं, तो दगड असेल.

तलवारी आणि दागिने कोणीही जपेल. टाच घासायची वस्तू जपायला वेगळं डोकं लागतं. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करणाऱ्या दिनकर केळकरांनी (जन्म 1896) साधारण 1920 पासून गावोगाव हिंडून हे जमवलं. त्यात त्यांच्या पत्नी कमलाबाईंचा वाटा केवढा होता, हे तुम्ही आवर्जून सांगितलंत. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव संग्रहालयाला दिलं आणि सगळा संग्रह सरकारच्या हवाली केला. वीस हजारांवर वस्तू, त्यातल्या अडीच हजारांच्या आसपासच मांडलेल्या. बाकीच्यांत आणखी किती वज्री असतील, कोण जाणे!

तुम्ही काही मार्गदर्शक नव्हेत; तुमचं काम दालनावर लक्ष ठेवायचं. तरी शाळेची एक गोंगाटी सहल सांभाळत तुम्ही आमच्याशी बोललात. आमच्या घरची वस्तू न बघता, नुसत्या वर्णनावरून ओळखलीत. त्याबद्दल मनापासून आभार.

वज्री मोडीत गेली नाही. आमच्या घरातला अडकित्ताही वाचला, खिळ्यापाशी तेल सोडल्यावर सुपारी व्यवस्थित कातरतो. चिंच लावून चकचकीत करू नका, कोरड्या फडक्याने पुसा, हे तुमचं सांगणं मात्र आईने पक्ष्याच्या बाबतीत मानलं नाही. तो आता लख्ख आहे. तुम्ही रागवाल, पण तिच्यापुढे कुणाचं चालत नाही.

सध्या पक्षी कुणाकडे राहणार यावरून आई आणि मोठी आत्या यांची फोनवर बोलणी चालू आहेत. आत्या म्हणते, तो अडकित्ताच आहे, पातं हरवलंय. तिला घेऊन येते. मी काही सांगणार नाही. तुम्हीच तिला वाकायला सांगा.

आपली,
वाईवाल्यांची लेक