जीवाश्म नंतर उचला, आधी थर नोंदवा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. विहीर खणताना किंवा रस्त्यासाठी टेकडी फोडताना ‘डायनासोरची अंडी’ सापडल्याच्या बातम्या विदर्भातून अधूनमधून येतात. फोटोत बहुतेक वेळा कुणाच्या तरी तळहातावर गोल दगड असतो. तो कुठल्या थरातून निघाला, हे मात्र बातमीत नसते. भूविज्ञानाच्या दृष्टीने खरी बातमी तीच असते.

या ‘अंड्यां’पैकी बरीचशी अंडी नसतातच. काळा पाषाण हवा-पाण्याने कुजताना कांद्यासारखे पापुद्रे सोडतो आणि मध्ये टणक गोळा उरतो. पापुद्र्यामागे पापुद्रा निघत गेला तर ते अंडे नव्हे. आपल्याकडच्या खऱ्या अंड्याचे कवच साधारण एक ते अडीच मिलिमीटर जाडीचे, एकच असते आणि भिंगाखाली त्यावर बारीक उंचवटे व छिद्रे दिसतात. शिवाय काळा पाषाण हा थिजलेला लाव्हा. जीवाश्म शोधायचे ते त्याच्या खालच्या, लॅमेटा नावाच्या गाळाच्या थरांत, किंवा दोन लाव्हांच्या मध्ये साचलेल्या गाळात.

थराला इतके महत्त्व का? डायनासोरच्या हाडाचे वय कार्बनवरून काढता येत नाही. ती पद्धत सुमारे पन्नास हजार वर्षांपलीकडे चालत नाही. गाळाचे वय ठरते ते वरच्या-खालच्या लाव्हाच्या आर्गॉन पद्धतीने (खडकातल्या पोटॅशियमपासून काळाच्या ओघात बनलेला आर्गॉन वायू मोजून) काढलेल्या वयावरून आणि सोबतच्या इतर जीवाश्मांवरून. दगड थरातून सुटला की हा आधार तुटतो.

वरोरा तालुक्यातील पिसदुरा हे याचे उत्तम उदाहरण. तिथल्या लाल चिकणमातीत विष्ठेचे जीवाश्म मिळतात. त्यांतून संशोधकांनी फायटोलिथ, म्हणजे वनस्पतींच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण, वेगळे केले आणि 2005 मध्ये त्यांत गवताचे कण असल्याचे दाखवले. तोवर गवत डायनासोर संपल्यानंतरचे, साधारण साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे, असा समज होता. 2011 मध्ये तर भाताच्या कुळाशी जवळीक असलेले कण याच ठिकाणच्या नमुन्यांतून नोंदवले गेले. गवताच्या उत्क्रांतीचा आरंभ मागे सरकला तो केवळ कण सापडले म्हणून नव्हे. ते दख्खनच्या लाव्हाखालच्या थरातले, म्हणजे डायनासोरच्या काळातले आहेत, हे ठाऊक होते म्हणून.

तरीही पिसदुऱ्यात एक अडचण राहतेच. पुष्कळ नमुने नांगरटीत वर आलेले, शेतात सुटे पडलेले. ते लॅमेटाचे आहेत हे कळते, पण त्या थरात नेमके किती उंचीवरचे, हे सांगता येत नाही. जवळच्या डोंगरगावला ‘इसिसॉरस’ या डायनासोरचा सांगाडा जागेवर खणून काढला गेला. त्यातले कुठले हाड कुठल्या हाडाला लागून होते, हे त्यामुळेच कळले.

म्हणून जेसीबीच्या बकेटला हाडासारखे काही लागले तर तेवढ्या जागी काम थांबवावे. मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढावा, एक जवळून आणि एक पूर्ण भिंतीचा. मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश दशांशानंतर पाच अंकांपर्यंत लिहावेत. काळ्या पाषाणाच्या तळापासून, तो नसेल तर जमिनीपासून, खोली टेपने मोजावी. वरखालच्या प्रत्येक थराची जाडी, रंग, वाळू की चिकणमाती हे टिपावे. सुटलेल्या तुकड्याची वरची बाजू बाणाने दाखवावी आणि त्याच थरातली मूठभर माती वेगळ्या, कोऱ्या पिशवीत भरावी. पिशवी धान्याची किंवा वैरणीची नको. आजच्या गवताचे कण मिसळले की तपासणीच फसते.

सर्वाधिक नासधूस होते ती धुण्याने. लॅमेटाची चिकणमाती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते आणि तिच्याबरोबर हाडाच्या चिरफळ्या होतात. व्हिनेगर किंवा ॲसिड तर मुळीच नको. चुन्याचे कवच त्यात विरघळते. फेव्हिकॉल, वॉर्निशही नको. ओलसर हाड उन्हात ठेवू नये. ओल्या कागदाने झाकून वर मातीचा हलका थर द्यावा आणि नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण कार्यालयाला किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला कळवावे.

वरोरा आणि सिरोंचासारख्या तालुक्यांत विहीर, शेततळे, मुरूम उत्खनन यांची परवानगी देताना एवढ्या सूचनांचे एक पान जोडणे प्रशासनाला जड नाही. आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे: बातमीत थर आणि खोली जरूर छापा, पण गट क्रमांक छापू नका. तो छापला की पाहणी पथक पोहोचण्याआधी विकणारे पोहोचतात.

आपला,
भूशास्त्राचा एक अध्यापक, चंद्रपूर