'गोदावरी'च्या सेवेविषयी

मुंबई

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

आपल्या नौदलाच्या 'गोदावरी' फ्रिगेटने, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौकेने, मोठे युद्ध पाहिले नाही, मग तिचे एवढे कौतुक कशासाठी, असे तू मागच्या पत्रात विचारले होतेस. नाशिककराने हे विचारावे याची गंमत वाटली. पण प्रश्न रास्त आहे.

माझगाव डॉकने तिच्याआधी बांधलेल्या 'निलगिरी' वर्गाच्या सहा फ्रिगेटी ब्रिटिश 'लिअँडर' आराखड्यावरून घडल्या होत्या. 'गोदावरी'चा आराखडा मात्र आपल्या नौदलाने स्वतः केला, आणि त्यात पेच असा होता की क्षेपणास्त्रे सोव्हिएत, वाफेची यंत्रे ब्रिटिश घाटाची आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे काही भारतीय, काही पाश्चात्त्य. त्यांच्या वीजपुरवठ्याचे मापदंडसुद्धा एकमेकांशी जुळत नव्हते. ज्या देशांनी ती बनवली तेच परस्परांचे वैरी, त्यामुळे ही सोयरीक आपल्यालाच जुळवावी लागली. शिवाय 'निलगिरी'वर एक हलके चेतक हेलिकॉप्टर मावत असे, येथे दोन अवजड सी किंग हेलिकॉप्टरे हवी होती. त्यासाठी जहाज सुमारे 126 मीटर लांब केले, तरी जुन्याच 30,000 अश्वशक्तीच्या यंत्रांवर वेग ताशी 27 सागरी मैलांच्या आसपास राखता आला. तिचा खरा पराक्रम मी यालाच मानतो.

10 डिसेंबर 1983 रोजी ती नौदलात दाखल झाली आणि 1986 मध्ये न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय नौदल संचलनालाही जाऊन आली. अर्थात तिची कसोटी लागली ती नोव्हेंबर 1988 मध्ये. मालदीवमधील बंड भारतीय छत्रीधारी सैनिक उतरल्यावर फसले, तेव्हा भाडोत्री बंडखोर ओलिसांसह 'प्रोग्रेस लाइट' हे मालवाहू जहाज घेऊन श्रीलंकेच्या दिशेने पळाले. 'गोदावरी' आणि 'बेतवा' यांनी पाठलाग करून, वाटाघाटी निष्फळ ठरल्यावर तोफा डागून, 6 नोव्हेंबरला त्यांना शरण यायला लावले. काही ओलीस मात्र प्राणास मुकले, आणि यशाच्या वर्णनांत हा भाग सहसा घाईने उरकला जातो, हे मला खटकते. पुढे 1994 मध्ये सोमालियातून आपल्या तुकड्या परत आणण्याच्या कामातही ती होती.

23 डिसेंबर 2015 रोजी मुंबईत तिच्यावरचा नौदलाचा ध्वज उतरवला गेला. तिच्याच घाटाच्या 'गंगा' आणि 'गोमती' यांपैकी दुसरी 2022 पर्यंत सेवेत राहिली, आणि कोलकात्यात बांधलेल्या 'ब्रह्मपुत्र' वर्गाची बैठकही याच आराखड्याची आहे. तेव्हा कौतुक लढाईचे नाही, या वंशावळीचे आहे. तुला अजूनही ते जास्त वाटत असेल, तर उत्तरात अवश्य भांड.

तुझा,
अनंत