कंट्रोलरकाका, चुंबळ आमच्याकडेच राहिली आहे

प्रिय कंट्रोलरकाका,

नाताळ होऊन तीन आठवडे झाले. नेवऱ्यांचा डबा रिकामा झाला, नाताळच्या गोठ्याच्या देखाव्यासाठी करवंट्यांत पेरलेली नाचणी सुकून पिवळी पडली, आणि मी अजून तुमचे आभार मानलेले नाहीत. दोनदा तुमच्या अंगणापर्यंत आले. दोन्ही वेळा "काय काका, जेवलात?" एवढंच तोंडातून निघालं. तुम्ही म्हणालात, "पेज झाली", आणि मी परत फिरले. समोर उभी राहून बोलायला गेले तर रडू येईल, आणि तुम्ही हात झटकून "मगे काय ता!" म्हणाल. म्हणून हे पत्र. उघडं लिहिते आहे, कारण आणखी दोन-चार जणांनी ते वाचावं अशीही माझी इच्छा आहे. ते कोण, हे त्यांना कळेल.

आई चौऱ्याऐंशीची. गेली चार वर्षं तिचं असं आहे. माझं नाव कधी आठवतं, कधी मी तिची धाकटी बहीण होते, कधी शेजारीण. पण मुंबई गाडी ती विसरलेली नाही. बाबा बोटीवर होते, तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती, घरात फोन नव्हता. बाबांचं पत्र यायचं, "डिसेंबराच्या दुसऱ्या आठवड्यात पोचेन." तारीख नसायचीच, कारण बोट कधी सोडायला मिळेल ते त्यांनाच माहीत नसायचं. मग आई सकाळी उठून मालवणच्या एसटी स्टँडवर मुंबई गाडीची वाट बघत जाऊन उभी राहायची. एक दिवस, दोन दिवस, कधी आठवडाभर. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. डिसेंबर लागला की तिचं सुरू होतं, "मुंबई गाडी इली काय?" दिवसाला चाळीस वेळा तरी.

आता आगमनकाळाबद्दल. नाताळाआधीचे चार रविवार, आणि मधल्या संध्याकाळी वाडीतली समूहप्रार्थना एकेका घरी फिरती. रोझरी, वाचन, थोडं चिंतन, मग चहा. लहानपणापासून आमचं घर त्या यादीत होतं. २०२३ साली आमच्याकडे प्रार्थना असताना आईने मध्येच ग्लोरिया, म्हणजे मिसेतलं स्तुतिगीत, सुरू केला. तोही लॅटिनमध्ये, कारण ती १९४१ची, तिच्या पोरवयात चर्चमधली मिसा लॅटिनमध्येच व्हायची. सुरात म्हणत होती हो. समूहाच्या तेव्हाच्या पुढाऱ्यांनी पुस्तक मिटलं आणि सगळ्यांदेखत मला सांगितलं, "आगमनकाळात ग्लोरिया म्हणत नाहीत. त्यांना जरा आत घेऊन जा." मी आत घेऊन गेले. प्रार्थना संपेपर्यंत आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो होतो. आई विचारत होती, "भायर कोण मेला?"

ग्लोरिया वगळतात तो मिसेत, हे मलाही माहीत आहे. ती घरची प्रार्थना होती. आणि ८ डिसेंबरला, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाला, त्याच आगमनकाळात चर्चमध्ये ग्लोरिया गातातच की! हे सगळं मला नंतर रात्री सुचलं. अशी उत्तरं नंतरच सुचतात.

पुढच्या वर्षी यादीत आमचं घर नव्हतं. विचारलं तर म्हणाले, "तुम्हाला त्रास नको म्हणून." वाडीत प्रार्थना चालायची ती आमच्या पडवीत ऐकू यायची, आणि आई इथे बसून उत्तरादाखल "नमो मरिये" म्हणायची. मला काय त्रास व्हायचा होता?

या वर्षी समूहाचं काम तुमच्याकडे आलं. तुम्ही "चालेल का" असं विचारलंच नाहीत. रस्त्यातून जाता जाता सायकल थांबवून म्हणालात, "मंगळवारी तुमच्याकडे. चहा काळा कर, दूध नको, माझा पोट बरा नाय." झालं. दोन वर्षांचा डाव तुम्ही चहाच्या दुधावर मिटवून टाकलात.

१६ डिसेंबरची ती संध्याकाळ. तुम्ही आगमनाचं चक्र घेऊन आलात. कोळणीच्या डोक्यावरची चुंबळ, तिला किनाऱ्यावरच्या सुरूच्या काड्या गुंडाळलेल्या, चार मेणबत्त्या. जांभळ्या बाजारात मिळाल्या नाहीत म्हणून पांढऱ्यांना जांभळा कागद लावलेला, आणि तिसऱ्या आठवड्याची गुलाबी म्हणून वाढदिवसाच्या केकवरची बोटभर मेणबत्ती. ती पहिल्या दहा 'नमो मरिये'तच विझली. मुलं हसली, तुम्हीही हसलात.

मग तुम्ही मुलांना चक्राची गोष्ट सांगितलीत. १८३९ साली जर्मनीत, हांबुर्गला, विखर्न नावाचा एक गृहस्थ गरीब मुलांचा आश्रम चालवायचा. मुलं रोज विचारायची, "नाताळ आला का? आज आला का?" कंटाळून म्हणा की मायेने म्हणा, त्याने गाडीचं जुनं चाक टांगलं आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या. रोजच्यासाठी लहान, रविवारसाठी चार मोठ्या. किती उरल्या ते मोजा, मला विचारू नका! असं सांगतात म्हणे. तेव्हा मला ती गोष्ट नुसती गोष्ट वाटली होती.

वाचन त्या रविवारचंच घेतलंत, मत्तयचा अकरावा अध्याय. योहान बाप्तिस्ता तुरुंगात आहे, आणि तिथून शिष्यांना पाठवून येशूला विचारतो की जो यायचा तो तूच, की आम्ही दुसऱ्या कुणाची वाट बघायची? तुम्ही बरोबर तिथवर आला होतात आणि खुर्चीतून आई म्हणाली, "मुंबई गाडी इली काय?"

माझा हात तिच्या दंडाकडे गेला. आत नेण्यासाठीच. दोन वर्षांत हाताला सवय लागली होती.

तुम्ही वाचत होतात त्या ओळीवर बोट ठेवलंत. चष्मा काढलात. भिंतीवरच्या घड्याळाकडे नीट बघितलंत, खरंच किती वाजले ते बघावं तसं. आणि आईला म्हणालात, "नाय गो काकी, अजून नाय. कणकवलीसून सुटली. बस तू, इली की मी सांगतंय."

आई बसली. पदर सारखा केला. तुम्ही चष्मा घातलात आणि बोट होतं त्या ओळीपासून पुढे वाचलंत.

तिने आणखी तीनदा विचारलं. तीनही वेळा बोट, चष्मा, घड्याळ. "कसालाक इली." मग "चौक्याक पोचली." तोवर आम्ही सगळेच जरा सावरून बसलो होतो, कारण गाडी आता खरंच जवळ आली होती आणि पोचल्यावर काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. चौथ्यांदा तिने विचारलं तेव्हा चिंतन चाललं होतं. तुम्ही तितक्याच शांतपणे म्हणालात, "कुंभारमाठाक पंचर झाली. चाक बदलतत."

आणि आई हसली. मोठ्याने, पूर्वीसारखी. "मेल्यांची गाडी! दर वर्षी पंचर!" त्यानंतर तिने विचारलं नाही. चहा होईस्तोवर नाही, रात्री झोपेपर्यंत नाही.

काका, याच प्रश्नाला गेल्या चार वर्षांत लोकांनी काय काय उत्तरं दिली ते सांगते. एकाने "परत तेच!" म्हणून कपाळावर हात मारला. एका शिकल्या-सवरल्या नातलगाने समोर बसून तिला समजावलं, "अगो, तो गेलो कधीच, तू मातीक नाय का गेली होतीस?" खरं बोलावं म्हणून. आणि आईला ते त्या क्षणी पहिल्यांदाच कळलं. ती ओरडून रडली. अर्ध्या तासाने विसरली, पुन्हा विचारलं, आणि त्या गृहस्थांनी पुन्हा खरं सांगितलं. मी त्यांना चहा न देता वाटेला लावलं. त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

निघताना चपला घालता घालता तुम्ही मला हळूच सांगितलंत ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण लिहिते, रागावू नका. "शहाऐंशी-सत्त्याऐंशीची गोष्ट. मी स्टँडार कंट्रोलरच्या खिडकीर नवीन होतंय. ही बाय रोज येऊन इचारी. एकदा मी हिच्यार खेकासलंय. ही काय बोलाक नाय, बाकड्यार जाऊन बसली." एवढं बोलून तुम्ही चपलेचा अंगठा शोधायला लागलात.

तेव्हापासून मी खिडक्यांमागच्या माणसांकडे बघते. पोस्टात, बँकेत, औषधाच्या दुकानात. एकच प्रश्न दिवसभर, तोच फॉर्म, तेच "सही कुठे करू?" शंभराव्या माणसालाही पहिल्यासारखं उत्तर देणारा एखादा असतो. मला वाटायचं, हा स्वभावच असणार त्याचा. आता वाटतं, त्यानेही कधी कुणाला खेकसून बाकड्यावर बसवलेलं असेल. गेल्या आठवड्यात पोस्टातल्या मुलीने आईच्या पेन्शनची माझी तीच शंका तिसऱ्यांदा ऐकून घेतली, तेव्हा मी तिला उगाचच दोन नेवऱ्या देऊन आले. ती बिचारी गोंधळली.

घरात आता मीही तुमचीच पद्धत चालवते. हातातलं काम थांबवायचं, घड्याळ बघायचं, मग बोलायचं. घड्याळ बघणं महत्त्वाचं. नुसतं "कणकवली" म्हटलं तर आईला कळतं की मी टोलवते आहे. परवा मी चुकून कसालनंतर थेट कुंभारमाठ म्हटलं, तर म्हणाली, "चौके खय गेला?"

काका, खूप खूप आभार. हात झटकू नका.

आणि हो, तुमची चुंबळ इथेच आहे. मेणबत्त्या काढून कपाटावर ठेवली होती, पण आईने हुडकली. काल सकाळी सुरूच्या सुकलेल्या काड्यांसकट ती डोक्यावर घेऊन विहिरीवर निघाली होती, केसांत सगळा कचरा. पुढचा आगमनकाळ २९ नोव्हेंबरला सुरू होतो, त्याआधी कधीही येऊन घेऊन जा. चहा काळाच करीन. आई पडवीतच बसलेली असते, आल्या आल्या विचारील. गाडी कुठवर आली ते ठरवून या.

तुमची,
वरच्या वाडीतली मुलगी