गिअर पडत नाही म्हणालीस

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर ‘विकून टाक ती गाडी’ म्हणाले, ते रागाच्या भरात. शब्द मागे घेते. पण उतारावर दुसरा गिअर पडेना, तळहाताने दणका दिलास तेव्हा कुठे पडला, हे तुझं वाक्य रात्रभर डोक्यात घुमत होतं. दणका देईपर्यंत गाडी न्यूट्रलमध्ये होती, सोनू. इंजिनाची ओढ सुटलेली, सगळा भार ब्रेकवर, आणि ब्रेक फार तापले की धरत नाहीत. आज त्या उताराबद्दल लिहायचं नाही असं ठरवूनच बसले होते. असो.

आधी हे बघ. सपाटीवर हँडब्रेक लाव, इंजिन बंद कर आणि क्लच दाबून सगळे गिअर एकेक टाकून बघ. एखादा दातावर दात येऊन अडला तर गाडी जराशी हलवून परत बघ. मग इंजिन चालू करून उभ्या गाडीतच तेच कर. बंद असताना अलगद पडतात आणि चालू असताना अडतात, असं असेल तर गिअरबॉक्स उघडायची घाई कुणालाही करू देऊ नकोस. बहुधा क्लच पुरता सुटत नसणार, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून पूर्ण वेगळं होत नसणार. खात्री रिव्हर्सवर होते, कारण आपल्या गाडीच्या रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवून देणारी कडी, नाही. क्लच तळापर्यंत दाबून पाच सेकंद थांब, मग टाक. तरी करकरला तर दोष क्लचचाच.

मग पायाशी वाक. चटई क्लचच्या पेडलखाली सरकलेली नाही ना? माझं एकदा तसंच झालं होतं. नंतर पेडलचा दांडा जिथे आत जातो तिथे बोट फिरव. ओलं लागलं तर मास्टर सिलिंडर गळतोय, म्हणजे पेडलच्या दाबाने तेल ढकलणारा. खाली गिअरबॉक्सपाशी रबरी टोपीत ओल असेल तर स्लेव्ह, म्हणजे त्या तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा सिलिंडर. पेडल दोन-तीनदा भराभर मारल्यावर गिअर सहज पडत असेल तर नळीत हवा शिरली आहे किंवा आतलं सील गेलंय. तेलाच्या डबीतली पातळी उतरलेली दिसली तर नुसती भरून निघू नकोस. क्लचला आणि ब्रेकला तेल त्या एकाच डबीतून जातं, म्हणूनच माझं मन पुन्हा पुन्हा त्या उतारावर जातं.

मी परत शिकवायला लागले, माफ कर. हे सगळं तुला माझ्याआधी कळतं. आठ वर्षांची होतीस तेव्हा शेजारी बसून माझ्या हातावर हात ठेवायचीस आणि इंजिनाचा आवाज चढला की ‘आई, तिसरा!’ म्हणून ओरडायचीस. तुझा अंदाज चुकायचा नाही. दांडीच्या मुठीवरचा २ चा आकडा आपल्या दोघींच्या हातांनीच पुसला गेला. दादाला त्या मुठीला हात लावू द्यायची नाहीस. आज तू त्याच गाडीखाली आडवी होऊन नट सोडवतेस, हे मी भेटेल त्याला सांगते. तुला कधी सांगितलं नाही.

इंजिन बंद असतानाही सगळेच गिअर जड जात असतील तर गिअरच्या दांडीखालचे बुश (सांध्यातल्या छोट्या नळ्या) आणि जोडण्या बघ. दांडी न्यूट्रलमध्ये खूप डुलते का? फक्त दुसराच अडत असेल तर मला सिंक्रोची पितळी कडी झिजल्याची शंका येते. दोन्ही बाजूंचा वेग जुळवणं हे तिचं काम, आणि आपण सगळ्यात जास्त राबवलाय तो दुसराच. मी शिकवलेला डबल क्लच आठव: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, परत क्लच दाबून दुसरा. असा बिनआवाज पडला तर शंका खरी धर. हे मोकळ्या सपाट रस्त्यावर करून बघ, उतारावर नाही.

आणि फक्त सकाळी गार असताना जड, गाडी तापल्यावर मऊ, असं असेल तर गिअर ऑइल बदल. जे पुस्तिकेत लिहिलंय तेच घाल. जीएल-४, जीएल-५ या गिअर ऑइलच्या प्रती; ‘भारीतलं आहे’ म्हणून जीएल-४ च्या जागी कुणी जीएल-५ ओतायला लागलं तर हात धर. जीएल-५ मधली काही ऑइलं पितळ खातात, आणि सिंक्रोची कडी पितळीच.

आपली गाडी म्हातारी झाली, पण तिने आपल्याला कधी रस्त्यात सोडलं नाही. तू जिद्दीने ती चालवतेस त्यात मला माझंच तरुणपण दिसतं, आणि म्हणूनच भीती वाटते, कारण त्या वयात मीही दणका देऊनच पुढे गेले असते.

बंद इंजिनावर दुसरा पडला की नाही, तेवढं आज संध्याकाळी कळव. रागात असशील तर नुसतं ‘पडला’ किंवा ‘नाही’ एवढंच कळव. आणि तोवर कामाला लांबच्या, सपाट रस्त्याने जा. उशीर झाला तर होऊ दे.

तुझी,
आई